नर्मदा परिक्रमेहून ऐन सुगीत शेतावर परतताना

पायी नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्या मराठी मंडळींत दोन-चार एकर शेती कसणारेही असतात. प्रबोधिनी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून निघायचे, नदी उजव्या हाताला ठेवून दक्षिण तटाने समुद्रापर्यंत जायचे, तेथून नावेने उत्तर तटावरच्या मिठी तलाईला उतरायचे, मग भरूच, महेश्वर, नेमावर, मंडला असे करत अमरकंटक गाठायचे आणि पुन्हा दक्षिण तटाने ओंकारेश्वरला यायचे, असा हा क्रम आहे. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर असल्यामुळे दोन्ही तटांचे मिळून २६०० किलोमीटर होतातच. शिवाय सरदार सरोवर आणि इंदिरा सागर यांच्या जलाशयांना वळसे घालावे लागत असल्याने प्रत्यक्ष चाल बरीच वाढते. तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांची परंपरागत परिक्रमा आज थोडे जण करतात. रोज पंचवीसेक किलोमीटर चालून चार-साडेचार महिन्यांत ती पूर्ण करणारे अधिक आहेत, आणि शेतकऱ्याची खरी अडचण नेमकी या हिशेबात आहे, कारण तो परततो तेव्हा घरचा गहू सोंगणीला, म्हणजे कापणीला, आलेला असतो किंवा येऊन उलटत असतो.

परतण्याचा दिवस आपली चाल ठरवत नाही, तो पीक ठरवते, हे एकदा मान्य केले की पुढची बहुतेक कामे सोपी होतात. पुढील मार्गदर्शन महाराष्ट्रातील अल्पभूधारक शेतकऱ्याला समोर ठेवून केले आहे. त्यात गहू, हरभरा आणि रब्बी ज्वारी या तीन पिकांचा विचार केला आहे.

तिथी आणि पेरणी यांचा मेळ

परिक्रमा तिथीने सुरू होते आणि गहू थंडीने वाढतो. या दोघांचा मेळ दरवर्षी बसत नाही. २०२४ साली प्रबोधिनी एकादशी १२ नोव्हेंबरला होती, २०२५ साली ती नोव्हेंबरच्या अगदी सुरुवातीला आली आणि २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे ती २० नोव्हेंबरच्या सुमारास येते. चाल १३० दिवसांची धरली, तर २०२५ च्या एकादशीला निघालेला माणूस १२ मार्चच्या आसपास मोकळा होतो, तर २०२६ च्या एकादशीला निघालेला मार्चच्या अखेरीस. बागायती गव्हाच्या वेळेवरच्या पेरणीचा काळ मात्र नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा हाच राहतो. १० नोव्हेंबरला पेरलेला ११५ दिवसांचा गहू ५ मार्चला तयार होतो. याचा अर्थ असा की एकादशी लवकर आलेल्या वर्षी पेरणीच्या वेळीच घरी राहता येत नाही, आणि उशिरा आलेल्या वर्षी पेरणी हातून होते पण सोंगणी हुकते.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे पेरणी थोडी पुढे नेणे. निफाडच्या गहू संशोधन केंद्राने दिलेल्या वाणांपैकी एनआयएडब्ल्यू ३४ हा उशिरा पेरणीसाठी आहे, तर फुले समाधान, म्हणजे एनआयएडब्ल्यू १९९४, वेळेवर आणि उशिरा अशा दोन्ही पेरण्यांना चालतो. मात्र १५ नोव्हेंबरनंतर पेरणीला होणाऱ्या प्रत्येक पंधरवड्याच्या उशिरामागे हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटते आणि १५ डिसेंबरनंतर गहू पेरणे परवडत नाही, असे कृषी विद्यापीठाचे सांगणे आहे. ही घट सोसायची की नाही, याचा निर्णय घरच्यांसह आणि निघण्यापूर्वीच झाला पाहिजे. दुसरा उपाय मला अधिक पटतो. गव्हाचे क्षेत्र घरच्या खाण्यापुरते ठेवावे आणि उरलेल्या रानात हरभरा करावा. हरभऱ्याची पेरणी ऑक्टोबरमध्ये उरकता येते. त्याला पाणी कमी लागते, फांद्या फुटताना एक आणि घाटे भरताना एक अशा दोन पाळ्यांवर तो निघतो, आणि फेब्रुवारीत त्याची काढणी गावातल्या मजुरांकडून उक्ती, म्हणजे ठोक रकमेत, करून घेणे सोपे असते.

कांद्याची लागवड मात्र त्या वर्षी टाळावी. उन्हाळी कांद्याची रोपे डिसेंबर-जानेवारीत लावली जातात, त्या कामाला माणसे फार लागतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत कर्ता माणूस गुजरातेत किंवा उत्तर तटावर कोठेतरी असतो. रब्बी ज्वारी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरून होते हे खरे, पण दाणा भरू लागला की पाखरांची राखण करावी लागते. पुढे ताटे उपटणे किंवा कापणे, कणसे खुडणे आणि कडबा बांधणे ही सगळी कामे अंगमेहनतीची आहेत. घरात राखणीला माणूस असेल आणि गोठ्याला कडबा हवाच असेल, तरच ती करावी. तुरीचा विचारही आधी करावा, कारण ती डिसेंबर-जानेवारीत काढणीला येते आणि खरिपात पेरताना परिक्रमेचा विचार बहुधा मनात नसतो.

मागे राहणाऱ्यांच्या हाती काय द्यावे

शेत ज्यांच्या भरवशावर सोडले जाते, त्यांना तोंडी सूचना देऊन निघणे पुरेसे नाही. गव्हाच्या पाण्याच्या अवस्था एका कागदावर तारखांसह लिहून द्याव्यात. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी खोडाच्या तळाशी मुकुटमुळे फुटतात, ४० ते ४५ दिवसांनी पीक कांडी धरते, ६० ते ६५ दिवसांनी फुलोरा येतो आणि ८० ते ८५ दिवसांनी दाणे भरतात. पाणी कमी असेल तर यांपैकी मुकुटमुळांचे पाणी कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये, असे त्याच कागदावर ठळक लिहावे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरणी करून निघालेला माणूस या पहिल्या पाण्याच्या वेळी बहुधा शूलपाणीच्या जंगलात असतो आणि तेथे दिवसदिवस मोबाईलला रेंज मिळत नाही. त्यामुळे विचारून मग पाणी देऊ, असे म्हणणाऱ्या घरात ते पाणी हुकण्याची भीती असते. शेतीची वीज अनेक ठिकाणी पाळीपाळीने आणि बऱ्याचदा रात्रीच येते. रात्री पाणी भरायला घरातील स्त्री किंवा वृद्ध वडील एकटे जाणार असतील, तर सोबतीचा माणूस आधीच ठरवून त्याच्या मजुरीची रक्कम वेगळी काढून ठेवावी.

कागदपत्रांपैकी ई-पीक पाहणीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. रब्बीच्या पिकाची नोंद शेतात उभे राहून मोबाईलवरच्या ॲपमधून करायची असते, आणि तिची मुदत चालू असते तेव्हा परिक्रमावासी घरापासून शेकडो किलोमीटर दूर असतो. ही नोंद घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मोबाईलवरूनही करता येते, म्हणून निघण्यापूर्वी त्या माणसाला ॲप उघडून, गट नंबर निवडून, फोटो काढण्यापर्यंतचे सगळे एकदा प्रत्यक्ष करून दाखवावे. सातबाऱ्यावर हरभऱ्याची नोंद नसेल, तर पुढे हमीभावाच्या खरेदी केंद्रावर नोंदणी करताना अडचण येते. बँक आणि शेतकरी योजनांना जोडलेला मोबाईल नंबर ज्या सिमवर आहे, ते सिम घरी ठेवून वाटेसाठी दुसरे न्यावे.

सोंगणीचा अधिकारही निघण्यापूर्वीच दुसऱ्याकडे द्यावा. आपण पोहोचलो नाही आणि गहू तयार झाला, तर वाट न पाहता सोंगावा, हे स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे. घरची माणसे आदरापोटी किंवा भीतीपोटी थांबतात, आणि त्या थांबण्यात गारपीट येते. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीने शेतात उभे आणि कापून पडलेले दोन्ही पीक झोडपले होते. त्यानंतर मार्च महिन्यावर कोणीही फार विसंबू नये.

परतीच्या वाटेवर

अमरकंटकहून दक्षिण तटाने पश्चिमेकडे येताना फेब्रुवारी-मार्चमध्ये गव्हाचा मोठा पट्टा लागतो. नरसिंहपूर आणि नर्मदापुरम जिल्ह्यांतून चालताना दोन्ही बाजूंना नजर पोहोचेपर्यंत गहू दिसतो, आणि शेतकरी असलेला परिक्रमावासी तो पाहून नकळत आपल्या शेताचा अंदाज बांधू लागतो. हा अंदाज चुकण्याचा संभव मोठा आहे. मध्य प्रदेशात थंडी अधिक काळ टिकते आणि तेथील गहू महाराष्ट्रातील वेळेवर पेरलेल्या गव्हापेक्षा उशिरा पिकतो. तटावरचा गहू अजून हिरवट असताना निफाडचा किंवा नेवाशाचा गहू वाळून झडायला लागलेला असू शकतो. म्हणून डोळ्यांना दिसणाऱ्या पिकावर विसंबू नये. नर्मदापुरमच्या आसपास पोहोचल्यावर घरी दूरध्वनी करून तीन गोष्टी विचाराव्यात: ओंब्यांची मान वाकली आहे का, खोडाची पेरे हिरवी आहेत की पिवळी, आणि दाणा दाताखाली कट्कन फुटतो की चेपतो. या तीन उत्तरांवरून सोंगणीला किती दिवस आहेत, हे अनुभवी माणसाला बसल्या जागी कळते.

दिवस कमी उरले आहेत असे दिसले, तर रोजची चाल वाढवून ओंकारेश्वर लवकर गाठण्याचा मोह होतो. तो आवरावा. शेवटच्या टप्प्यात रोज पस्तीस-चाळीस किलोमीटर ओढणारे पाय घरी पोहोचतात तेव्हा कामाचे राहत नाहीत. त्यापेक्षा सोंगणी मजुरांवर सोपवून ठरलेल्या गतीने यावे. परिक्रमा टप्प्याटप्प्याने करणारेही लोक आहेत, आणि शेतकऱ्याने एखाद्या वर्षी तो मार्ग धरला तर त्यात काही कमीपणा आहे असे मला वाटत नाही. पण खंड पडू द्यायचा नाही असा ज्यांचा संकल्प असतो, त्यांनी तो मोडून धावत घरी येण्याचीही गरज नसते, फक्त व्यवस्था आधी झालेली हवी.

ओंकारेश्वरला जल अर्पण, कढाई म्हणजे शिऱ्याचा नैवेद्य आणि कन्यापूजन झाल्यावर खांडव्याहून भुसावळ, मनमाड, नाशिककडे जाणाऱ्या गाड्या मिळतात. घरी शक्यतो संध्याकाळी पोहोचावे, म्हणजे त्याच दिवशी शेतात कामाला लागण्याचा प्रश्न उरत नाही.

पहिले चार दिवस

चार महिने चाललेला माणूस स्वतःला काटक समजतो, आणि चालण्यापुरता तो असतोही. सोंगणीला मात्र वेगळे अंग लागते. चालताना पाठ ताठ असते, हात मोकळे असतात आणि वजन खांद्यांवर सारखे विभागलेले असते. विळा चालवताना कंबर तासन्‌तास वाकलेली राहते, मांडीच्या मागचे स्नायू ताणलेले राहतात आणि मूठ सतत आवळलेली असते. रोजच्या चालीने मांडीच्या मागचे स्नायू आणि पोटऱ्या आखडलेल्या असल्यामुळे वाकताना सगळा भार कमरेवर येतो. परतल्यावर दोन दिवसांत ज्यांची कंबर धरते, त्यांच्या बाबतीत बहुधा हेच घडलेले असते.

पहिल्या दिवशी काम करू नये, पण अंथरुणावर पडूनही राहू नये. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास सपाट जागी चालावे आणि भिंतीला हात टेकवून पोटऱ्या सावकाश ताणाव्यात. सकाळी उठल्यावर टाच जमिनीला टेकताच कळ येत असेल, तर तळपायाच्या पडद्याला सूज आहे असे समजावे आणि नांगरटीच्या ढेकळांत अनवाणी जाणे टाळावे. पाय कोमट पाण्यात भिजवून, बोटांमधली जागा कोरडी पुसून, भेगांना तेल किंवा व्हॅसलीन लावावे. काळी पडलेली नखे ओढून काढू नयेत, ती आपोआप सुटतात. जंगलपट्ट्यातून आल्यानंतर काही आठवड्यांत थंडी वाजून ताप आला, तर शीण समजून अंगावर न काढता मलेरियासाठी रक्त तपासून घ्यावे. एकाच पोटरीला सूज, कळ आणि उष्णता जाणवली किंवा दम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असणाऱ्यांनी तळपाय रोज आरशात पाहावेत, कारण त्यांना जखम झालेली कळत नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन बरीच वर्षे झाली असतील, तर सोंगणीपूर्वी ते घेऊन टाकावे.

जेवणाबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सदावर्ताच्या शिध्यावर, खिचडीवर आणि टिक्कड म्हणजे जाड रोट्यांवर चार महिने काढल्यानंतर भूक मोठी झालेली असते, पण अंगातले मांस कमी झालेले असते. घरी येताच गोडधोड पुढे येते. डाळी, उसळी, दूध, ताक आणि खाणाऱ्यांनी अंडी यांचे प्रमाण वाढवले, तर अंग लवकर भरते.

दुसऱ्या दिवशी शेतात जावे ते पाहायला. ज्याने पाणी भरले त्याला सोबत न्यावे, त्याच्या मागे चालावे आणि तो दाखवेल ते आधी पाहावे. कोणत्या वाफ्यात पाणी कमी पडले, कोठे तांबेरा रोग दिसला, कोठे उंदरांनी बिळे केली, हे त्याला माहीत असते. या फेरीत चुका काढणे कटाक्षाने टाळावे. चार महिने रात्री-बेरात्री मोटर चालू करायला उठणाऱ्या माणसाला पहिलेच वाक्य तणाबद्दल ऐकावे लागले, तर पुढच्या पंधरा दिवसांच्या कामात त्याचे मन राहत नाही, आणि सुगीत मन नसलेला माणूस फार महाग पडतो. निर्णय घेण्याचे काम सोंगणी संपेपर्यंत त्याच्याकडेच राहू द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मजूर कोणाचे, हार्वेस्टर बोलवायचा की विळ्याने सोंगायचे, मळणी यंत्र कोणत्या दिवशी मिळणार, ही बोलणी त्याने आधीच केलेली असतात आणि ती मध्येच मोडणे गावात शोभत नाही.

काढणी

पीक पूर्ण पक्व होण्याच्या दोन-तीन दिवस आधी गहू सोंगावा आणि त्या वेळी दाण्यात सुमारे १५ टक्के ओलावा असावा. त्र्यंबक म्हणजे एनआयएडब्ल्यू ३०१ या वाणाचे दाणे पक्व झाल्यावर शेतातच झडू शकतात, म्हणून तो पेरला असेल तर एक दिवसही दवडू नये. सोंगणी पहाटेपासून करावी. हवेत गारवा आणि ओंब्यांवर किंचित ओल असेपर्यंत झड कमी होते, आणि खानदेश-विदर्भात मार्चमध्ये दुपारचे ऊन चाळिशीकडे जात असल्याने माणसालाही तीच वेळ मानवते. साडेदहा-अकरानंतर थांबावे आणि चारनंतर पुन्हा लागावे. एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेले पाणी बांधावर ठेवावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता ते थोडे थोडे प्यावे.

परतलेल्या माणसाने सोंगणीच्या पहिल्या दिवशी विळा तासाभरापेक्षा जास्त धरू नये. दुसऱ्या दिवशी दोन तास, आणि कंबर साथ देत असेल तर पुढे वाढवत जावे. दातेरी वैभव विळा हलका असतो आणि तो मनगटाला कमी झटके देतो. सतत वाकून काम करण्यापेक्षा काही वेळ उकिडवे बसून आणि काही वेळ एक गुडघा टेकून सोंगावे. बाकी वेळात पेंढ्यांसाठी बंद टाकणे, पाणी आणणे, राखण करणे ही कामेही काही कमी महत्त्वाची नाहीत. पन्नास किलोचे पोते पाठीवर घेण्याचे काम मात्र पहिल्या आठवड्यात करू नये. आठ-दहा किलोच्या पिशवीला सरावलेल्या खांद्यांना त्याची सवय नसते आणि गुडघे आधीच थकलेले असतात.

हरभऱ्याच्या रानात एक विशेष काळजी घ्यावी लागते. त्याच्या पानांवर आणि घाट्यांवर मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लाची आंब असते. ती भेगाळलेल्या तळपायांना आणि हातांच्या चिरांना झोंबते, आणि फोड फुटलेल्या पायांनी त्या रानात उतरणाऱ्याला रात्री झोप येत नाही. म्हणून हरभरा उपटताना बंद बूट आणि हातमोजे घालावेत. हरभरा सकाळच्या दमट हवेतच काढावा, कारण उन्हात घाटे गळतात. ज्वारीच्या रानातील धसकटे अनवाणी पायाला खिळ्यासारखी लागतात. अनवाणी परिक्रमा करणाऱ्यांचे तळवे जाड झालेले असले, तरी त्या जाडीवर भिस्त ठेवू नये. ज्वारी तयार झाली की नाही, हे पाहण्यासाठी कणसाच्या खालच्या भागातला दाणा काढून त्याच्या टोकाशी काळा ठिपका आला आहे का, ते पाहावे.

कापून पसरलेल्या पेंढ्यांखाली उंदीर येतात आणि त्यांच्यामागे घोणस, नाग, फुरसे येतात. प्रत्येक पेंढी उचलण्यापूर्वी ती काठीने हलवावी. साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. तो अवयव स्थिर ठेवून, माणसाला न चालवता, प्रतिविष उपलब्ध असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे. ते कोणते, याची चौकशी सुगीपूर्वीच करून ठेवावी.

मळणी यंत्रापाशी

या भागाबद्दल मी आग्रहाने लिहीत आहे. परिक्रमेत केस आणि दाढी न कापण्याचा नियम पाळला जातो. त्यामुळे परतलेल्या पुरुषाची दाढी वाढलेली असते, गळ्यात माळा असतात, अंगावर सैल धोतर आणि उपरणे असते, आणि ही खूण काही दिवस तरी उतरवू नये असे त्याला वाटते. स्त्रियांच्या बाबतीत पदर, ओढणी आणि मोकळे केस असतात. मळणी यंत्राच्या पट्ट्यापाशी आणि पेंढ्यांचा घास देण्याच्या तोंडाशी यांपैकी कोणतीही गोष्ट जीवघेणी ठरू शकते. यंत्र दाढीला किंवा उपरण्याला धरते आणि हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. ज्याला क्षौर करायचे आहे त्याने ते मळणीच्या आधी उरकावे. ज्याला करायचे नाही त्याने दाढी-केस घट्ट बांधून, माळा सदऱ्याच्या आत घेऊन, यंत्रापासून दूर धान्य भरण्याचे काम घ्यावे. घास देणाऱ्याच्या हातात कडी, अंगठी, मनगटावर धागे नसावेत. घास देण्याचे पन्हाळे किमान ९० सेंटीमीटर लांब आणि त्याचा निम्मा भाग वरून झाकलेला असेल, असेच यंत्र निवडावे, आणि थकलेल्या माणसाला रात्रीच्या मळणीत त्या तोंडाशी उभे करू नये.

मळणी दुपारनंतर, पेंढ्या पूर्ण वाळल्यावर करावी. लहान तुकड्याला हार्वेस्टर लावायचा असेल, तर मोठ्या शेतांची कामे आटोपल्यावरच तो आपल्याकडे वळतो, आणि त्यात भुसाही रानातच पडतो. गोठ्यात जनावरे असतील तर विळ्याने सोंगून यंत्रावर मळणे परवडते. रानात उरलेले काड पेटवू नये. रोटाव्हेटरने मातीत मिसळावे किंवा पुढच्या पेरणीपर्यंत आच्छादन म्हणून पडू द्यावे.

साठवण, पाहुणे आणि हिशेब

धान्य कोठीत भरण्यापूर्वी त्याचा ओलावा १२ टक्क्यांच्या खाली आला पाहिजे. मोजण्याचे यंत्र नसेल, तर दोन-तीन कडक उन्हे देऊन, दाणा दाताखाली कट्कन तुटतो याची खात्री करावी आणि धान्य थंड झाल्यावरच भरावे, कारण गरम धान्य भरल्यास आत ओल धरते. हरभऱ्याला भुंगेरा लवकर लागतो. घरी ठेवायचा हरभरा डाळ करून ठेवणे बरे, आणि विकायचा असेल तर हमीभाव केंद्राची नोंदणी काढणीआधीच सुरू झाली आहे का, हे पाहावे. २०२५-२६ च्या हंगामासाठी हरभऱ्याचा हमीभाव क्विंटलला ५६५० रुपये आणि गव्हाचा २४२५ रुपये होता. व्यापाऱ्याने बांधावर सांगितलेला भाव त्या-त्या हंगामाच्या हमीभावाशी ताडून पाहिल्याशिवाय हो म्हणू नये.

तटावरच्या गावांतून कोणी प्रेमाने मूठभर बियाणे दिलेले असते. सीहोरकडच्या शरबती गव्हाचे कौतुक तर अनेकांना असते. ते बियाणे घरच्या बियाण्यात मिसळू नये. कागदी पाकिटात गावाचे नाव आणि तारीख लिहून वेगळे ठेवावे आणि पुढच्या रब्बीत एका वाफ्यात पेरून पाहावे. शरबतीची ख्याती तिथल्या काळ्या मातीशी आणि थंडीशी बांधलेली आहे, त्यामुळे आपल्या रानात तो तसाच उतरेल असे धरून चालू नये.

परिक्रमावासी आल्याचे कळताच गाव दर्शनाला येते. ज्येष्ठ मंडळी पायावर पाणी घालायला येतात, नातेवाईक मावंद्याची, म्हणजे यात्रा पूर्ण झाल्यावरच्या जेवणाची, तारीख विचारतात, आणि घरातल्या बायकांना सोंगणीच्या धामधुमीत चहा आणि स्वयंपाक यांचे दुप्पट काम पडते. मावंदे खळे उरकल्यानंतरच ठेवावे आणि तारीख आल्याच दिवशी सांगून टाकावी, म्हणजे विचारणाऱ्यांना एकच उत्तर मिळते. भेटायला येणाऱ्यांसाठी संध्याकाळची वेळ ठरवावी.

हिशेब मावंद्याच्या आधी करावा. चार महिन्यांत घरच्यांनी कोणाकडून उसने पैसे घेतले, कोणाच्या बैलांनी किंवा ट्रॅक्टरने पाळी घातली, कोणी रात्रीच्या पाण्याला सोबत केली, याची नोंद वहीतून वाचून घ्यावी आणि धान्य विकण्याची वाट न पाहता जे देता येईल ते आधी द्यावे. शेत बटईने दिले असेल तर ठरल्याप्रमाणे वाटा खळ्यावरच मोजावा. भाऊ किंवा शेजारी मजुरी घेत नसेल, तर त्याच्या घरी नव्या गव्हाचे पोते पोहोचवावे आणि त्याच्या सोंगणीच्या दिवशी, तोवर कंबर सुटलेली असेल तर, विळा घेऊन त्याच्या रानात हजर राहावे.